हौदाच्या काठावर

पुण्यात पत्ता सांगताना पाण्याला वगळून चालत नाही. फडके हौद चौक, साततोटी, पंचहौद, बाहुलीचा हौद, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद. रिक्षावाल्याला 'फडके हौद' म्हटले की तो मीटर पाडतो आणि बरोबर नेऊन सोडतो. हौद कुठे आहे असे विचारले, तर मात्र तो आपल्याकडेच बघतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या शहराने दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत याच हौदांचे पाणी प्यायले, त्या शहराच्या तोंडात आता फक्त नावे उरली आहेत, आणि ती नावे तोंडात आहेत हेही कोणाच्या ध्यानात नाही.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी हे हौद शोधत फिरण्याचा नाद मला लागला आहे. छंद म्हणून तो फारच स्वस्त. एक वही, पाण्याची बाटली, पायांत जुन्या चपला आणि बरोबर एखादी मैत्रीण असली की झाले. सातच्या आत निघावे लागते, कारण आठनंतर पेठांतल्या भिंतीचा तळ दिसत नाही. तिथे दुचाकी उभ्या राहतात आणि मग दगड जुना की नवा हे ठरवता येत नाही. विचारायचे ते गल्लीतल्या सर्वांत जुन्या दुकानात. कल्हईवाला, बुरूड, पत्र्याच्या बादल्या दुरुस्त करणारा, पूजेचे सामान विकणारा हे लोक जागा बदलत नाहीत. "काका, इथे हौद होता ना?" या प्रश्नाला "कशाला पाहिजे?" हे उत्तर ठरलेले. कारण सांगितले की मग काका दुकान उघडे टाकून स्वतः दाखवायला येतात, आणि आपल्या आजोबांच्या वेळची हकिगत सांगतात ती वेगळीच.

हा नाद काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. नारायण विष्णु जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' हे पुस्तक १८६८ साली निघाले. इंग्रजी अंमल येऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, आणि आपले गाव पुन्हा एकदा नीट पाहून लिहून ठेवावे असे कोणाला तरी वाटले. पुढे १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्यासाठी तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात पेठा, देवळे, वाडे यांच्या बरोबरीने शहराच्या पाण्याच्या नळांचीही नोंद आहे. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९४०च्या दशकात मंडळाने 'पुणे नगर संशोधन वृत्त' काढले, तेव्हा गल्लीबोळांतून हिंडून माहिती जमवणे हे संशोधनाचेच काम मानले गेले. आज रविवारी वारसा-फेरीच्या निमित्ताने पेठांतून तरुण मुलामुलींचे जथे दिसतात, त्यांची आजोळची माणसे ही. फरक एवढाच की त्या वेळी मोडी वाचता येणे आवश्यक होते आणि आता चांगला कॅमेरा असलेला फोन पुरतो.

हौद शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. पुणेकर सुट्टीच्या दिवशी जिथे फिरायला जातो, त्यातल्या बऱ्याच जागा मुळात पाण्याच्या सोयीसाठी उभ्या राहिलेल्या आहेत. बंड गार्डन हे नावच बंधाऱ्याचे. १८५०च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर जो बंधारा झाला, त्याच्या काठची ही बाग. खडकवासल्याच्या धरणावर भजी आणि कणीस खायला आपण जातो ते जुन्या काळचे 'लेक फाइफ'. सारसबागेच्या जागी नानासाहेब पेशव्यांच्या काळात केलेले तळे होते, म्हणून तिथला गणपती तळ्यातला गणपती. आणि शाळेच्या सहली पूर्वी पेशवे पार्कात जात, त्या प्राणिसंग्रहालयाबरोबर कात्रजला गेल्या. तिथे मुले वाघ बघतात, आणि शेजारीच जे तळे दिसते त्यातले पाणी कधीकाळी शनिवारवाड्यापर्यंत जात होते हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

त्या कात्रजच्या कामाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याऐवजी पुण्यातून चालू लागला. फडाचे कारकून, शिलेदार, सावकार, भिक्षुक, कारागीर अशी माणसांची रीघ लागली. नव्या पेठा वसल्या. मुठा नदी गावाला लागून होती, पण उन्हाळ्यात ती पावलाएवढी होते आणि पावसाळ्यात गढूळ. विहिरी अपुऱ्या. तेव्हा नानासाहेबांनी दक्षिणेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कात्रजला, बांध घालून पाणी अडवले आणि तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. नळ म्हणजे आजच्यासारखा पाइप नव्हे. दगड, वीट आणि चुन्यात बांधलेले, माणूस आत शिरून चालू शकेल असे भुयार. तळी दोन, एकाखाली एक. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यातून नळात शिरायचे.

हे पाणी दाबाखाली नव्हते. कुठे पंप नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा सखल भागात, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. पण 'एवढ्या एका गोष्टीवर' हे म्हणायला सोपे आहे. दहा-बारा किलोमीटरच्या वाटेत उतार जरा जास्त झाला तर पाणी तळाचा चुना खरवडते, कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो. वाटेत ओढे, चढ, खडक. ज्याने कोणी ही पातळी धरली त्याचे नाव आपल्याला माहीत असायला हवे होते. दख्खनमध्ये ही विद्या नवी नव्हती. औरंगाबादेत मलिक अंबराच्या काळापासून नहरी होत्या, अहमदनगरला आणि बुऱ्हाणपूरलाही जमिनीखालून पाणी खेळवलेले होते. पुण्याच्या नळाचे घराणे तेच.

नळावर ठरावीक अंतराने 'उच्छ्वास' बांधलेले होते. हा शब्द मला फार आवडतो. जमिनीखालच्या पाण्याने जमिनीवर येऊन सोडलेला श्वास. बाहेरून पाहिले तर एखाद्या लहान देवळीसारखे किंवा बुटक्या मनोऱ्यासारखे बांधकाम, कुठे चौकोनी, कुठे गोल. त्याचे काम तिहेरी. नळातली कोंडलेली हवा बाहेर पडायची, आत उतरून गाळ काढता यायचा आणि नळ कुठून गेला आहे त्याची खूण राहायची. सातारा रस्त्याच्या आजूबाजूला धनकवडीपासून आत वस्त्यांतून हिंडले तर यातले काही अजून सापडतात. एकाला शेंदूर फासलेला पाहिला. एकाच्या वर मोबाइलच्या दुकानाचा फलक होता. एका सोसायटीच्या आवारात मी निरखून बघत उभी होते, तेव्हा पहारेकऱ्याने हटकले. मग त्याला समजावले की ताई इथे का थांबल्या आहेत, तर म्हणाला, "आम्ही समजत होतो समाधी आहे कोणाची." तो रोज सकाळी त्यापुढे उदबत्ती लावत होता. मी त्याला लावू नका असे म्हटले नाही.

कात्रजचा नळ सर्वांत मोठा, पण एकटा नव्हता. नाना फडणिसांच्या काळात आंबेगाव-नऱ्ह्याच्या बाजूने सदाशिव पेठेकडे पाणी आणलेले होते. रास्त्यांनी आपल्या पेठेसाठी कोंढव्याकडून नळ आणला. शहरात आलेले पाणी हौदांत पडायचे. काही हौद वाड्यांच्या आत, खासगी. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे ज्या पाण्यावर उडायचे ते हेच पाणी. काही हौद रस्त्यावर, सगळ्यांसाठी.

'सगळ्यांसाठी' हा शब्द लिहिताना माझी पेन्सिल आता थांबते, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

माझ्या वहीत सुरुवातीला दोन रकाने होते. पहिल्यात हौदाचे नाव आणि पेठ, दुसऱ्यात आजची अवस्था: दिसतो, बुजवला, वर बांधकाम, नुसते नाव. वर्षभरात पाने भरली. मग एकदा शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी भेटल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरचे सोवळ्याचे पाणी हौदावरून येत असे. पाणक्या पहाटे घागरी भरून आणायचा. "आणि दुसरे कोण भरायचे हो तिथे?" मी विचारले. "सगळेच भरायचे की," आजी म्हणाल्या. मग थोडे थांबून, कोणी न विचारता: "म्हणजे आपल्यातले. बाकीच्यांना कोण हात लावू देणार?" त्यात कडवटपणा नव्हता आणि खंतही नव्हती. पाणी वरून खाली वाहते असे सांगावे तशा सुरात त्यांनी ते सांगितले. घरी आल्यावर मी वहीत तिसरा रकाना आखला: 'कोणासाठी?'

हौदाची रचना लक्षात घेतली म्हणजे हा रकाना का महत्त्वाचा ते कळते. हौदाला काठ असतो. काठावर उभे राहायचे, वाकायचे आणि आपली कळशी, घागर, तांब्या जे असेल ते सरळ पाण्यात बुडवायचे. प्रत्येकाचे भांडे त्याच पाण्यात जाते. म्हणजे हौदावर पाणी भरणे हे नुसते पाणी घेणे राहत नाही, शेजाऱ्याच्या पाण्याला स्पर्श करणे होते. तोटीचे तसे नाही. तोटीखाली भांडे धरले की पाणी वरून पडते, उगमाला कोणाचा हात लागत नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारात हा फरक फार मोठा होता. कात्रजहून निघालेले पाणी दहा-बारा किलोमीटर अंधारातून कोणाच्या घराखालून आणि कोणाच्या शेताखालून आले याची कोणी चौकशी करीत नव्हते. उजेडात आले, की काठावर जात उभी राहायची. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या बायकांनी दूर थांबायचे आणि कोणी दयाळू माणसाने वरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर नदी किंवा ओढा गाठायचा. पेशव्यांच्या पुण्यात ही रीत होती आणि पेशवाई बुडून पन्नास वर्षे झाली तरी ती मोडली नव्हती.

ती मोडली ती एका घराच्या अंगणात. वर ज्या १८६८ सालचा उल्लेख झाला, ज्या साली पुण्याचे वर्णन छापून निघाले, त्याच साली गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांचे वडील गोविंदराव त्याच वर्षी वारले होते. मुलींची शाळा काढून वीस वर्षे झाली होती. महार-मांगांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या होत्या. घराबाहेर पडावे लागणे, रस्त्यात शेण-दगड खाणे हे सगळे होऊन गेले होते. तरी हौद खुला करणे ही त्याहून निराळी पायरी होती. शाळा घराबाहेर असते. तिथून परत आल्यावर अंघोळ करून घरात शिरता येते. अंगणातल्या हौदाचे पाणी मात्र घरच्या स्वयंपाकाला लागते, पिण्याला लागते. तो हौद खुला करणे म्हणजे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना आणणे. वाटीने वाढून देणे फुल्यांना शक्य होते, आणि तेवढ्यावरही त्यांचे कौतुक झाले असते. त्यांनी काठच मोकळा केला.

गंमत म्हणजे पाणी हा फुल्यांच्या पोटापाण्याचाही विषय होता. ते बांधकामाचे ठेकेदार होते. पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या कामांत कात्रजच्या घाटातल्या बोगद्याचे काम येते. ज्या डोंगरांतून पेशव्यांनी पाणी आणले त्याच डोंगरांत शंभर-सव्वाशे वर्षांनी फुल्यांची माणसे सुरुंग लावत होती. खडकवासल्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पाणी कुठून येते, त्यावर किती खर्च होतो आणि ते कोणापर्यंत पोचत नाही, हे सर्व त्यांनी हिशेबवहीतून पाहिलेले होते.

फुलेवाडा आज स्मारक आहे. आवारात विहीर आहे, वृंदावन आहे. तिथे गर्दी असते ती ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला. एरवी रविवारी सकाळी गेले तर दोन-चार माणसे आणि शांतता.

तिथून उत्तरेकडे, मंडईवरून बुधवार पेठेत, फरासखान्याच्या कोपऱ्यावर आले की बाहुलीचा हौद. चालत वीस-पंचवीस मिनिटांची वाट. डॉ. विश्राम रामजी घोले हे सरकारी नोकरीतले नामांकित शल्यवैद्य, फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजातले प्रमुख कार्यकर्ते. घोले रोड ज्यांच्या नावाने आहे ते हेच. त्यांची मुलगी काशीबाई १८६९ साली जन्मली. तिला लाडाने बाहुली म्हणत. घोल्यांनी तिला घरी शिकवायला सुरुवात केली. नातेवाइकांना आणि जातीतल्या लोकांना ते पटले नाही. १८७७ साली, आठव्या वर्षी, ती गेली. काचा कुटून घातलेला लाडू तिला खायला दिला, अशी हकिगत पुण्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात. त्या हकिगतीला न्यायालयातला पुरावा नाही. पण मुलीने शिकावे म्हणून घरात वैर पेटते आणि त्या वैराची गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला ती खोटी वाटत नाही, हाही त्या काळाचा एक पुरावाच आहे.

पुराव्याने उभे आहे ते पुढचे. बापाने मुलीच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. त्यावर बाहुलीची मूर्ती बसवली होती. ती पुढे चोरीला गेली, नाव मात्र राहिले. देऊळ बांधता आले असते, धर्मशाळा बांधता आली असती. त्या काळी श्रीमंत माणूस हेच करीत असे, आणि पाणपोई घातली तरी तिथे पाणी वाढायला कोण बसणार हे आधी ठरत असे. ज्या मुलीला आपल्याच माणसांनी शिकू दिले नाही तिच्या नावाचे पाणी बापाने परक्यांना दिले. रागाचे असे रूप मी दुसरीकडे पाहिलेले नाही. दगडूशेठ गणपतीच्या रांगेतली माणसे या हौदापासून हाकेच्या अंतरावर उभी असतात. चार पावले चालून कोणी आले तर काशीबाईचे नाव वाचता येते.

तिसरा थांबा गुरुवार पेठेत आहे आणि तिथली गोष्ट पाण्याची नसून चहाची आहे. पण चहा म्हणजे उकळलेले पाणीच. पंचहौद हे नाव तिथल्या पाच हौदांवरून पडले, आणि त्याच आवारात ख्रिस्ती मिशन आले. पवित्र नाम देवालयाची वेगळी उभी असलेली घंटेची इमारत लांबूनच दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना तिथे व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावले. महादेव गोविंद रानडे होते, टिळक होते, इतरही बरेच होते. समारंभानंतर मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्यायले, कोणी पेला नुसता हातात धरला, कोणी बाजूला ठेवला. गोपाळरावांनी पुढे हजर माणसांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशी झाली, ग्रामण्य झाले. काहींनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकांनाच ते बोचले.

ही गोष्ट पुण्यात नेहमी विनोद म्हणून सांगितली जाते: एवढी विद्वान माणसे आणि एका कप चहावरून एवढे रामायण. मलाही पूर्वी हसू यायचे. फुलेवाड्यातून निघून दहा मिनिटांत पंचहौदावर आले की हसू येत नाही. बावीस वर्षांपूर्वी, याच पेठांच्या शेजारी, एका माळ्याने काठ खुला केला होता. आणि शहरातली सर्वांत शिकलेली, पुढे देशाचे पुढारी झालेली माणसे परक्याच्या हातच्या कपभर पाण्याचा हिशेब देत होती. दोन्ही गोष्टींमध्ये रस्ता दहा मिनिटांचा आहे. पाठ्यपुस्तकांत त्या दोन वेगळ्या धड्यांत असतात, म्हणून हे अंतर लक्षात येत नाही. पायी चालल्यावर येते.

पर्वतीविषयी न लिहिता पुणेकराच्या फिरण्याविषयी लिहिणे अशक्य आहे. १७४९ मध्ये नानासाहेबांनी देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, म्हणजे कात्रजच्या कामाच्या आसपासच. एकशे तीन पायऱ्या. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, परीक्षेत पास व्हावे म्हणून, लग्न ठरल्यावर पहिल्यांदा एकत्र फिरायला म्हणून, सूर्योदय बघायला म्हणून आपण त्या चढतो. या पायऱ्यांवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे पुढाकार घेणारे. कांबळ्यांनी १९०८ मध्येच 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले होते. तरुण एस. एम. जोशी आणि काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखी माणसे सत्याग्रहींच्या बाजूने होती. दार बंद राहिले. दगड आले, मार बसला. सत्याग्रह जानेवारी १९३० पर्यंत चालला आणि दार न उघडताच थांबला.

त्याआधी दोन वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, म्हणजे कायदा कागदावर त्यांच्या बाजूने होता. महाड आणि पुणे यांच्यातली ही ओळ मला महत्त्वाची वाटते. गंज पेठेतल्या हौदाच्या मालकाने स्वतः काठ मोकळा केला, महाडच्या तळ्यावर ज्यांना काठ बंद होता त्यांनी तो स्वतः ओलांडला. फुल्यांना आंबेडकर गुरू मानत, याचा पाण्याच्या बाजूने एवढा साधा अर्थ लागतो.

तोपर्यंत पुण्याचे हौद हळूहळू निकामी होत आले होते. १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवा झाला. मग लोखंडी नळ, टाक्या, तोट्या. नळाच्या पाण्यालाही अनेक शहरांतून सोवळ्याची हरकत घेतली गेली, वायसर चामड्याचा म्हणून. पण सोय मोठी होती आणि हरकत फार दिवस टिकली नाही. मात्र तोट्या आल्याने पाण्यातली जात गेली असे मी लिहू शकत नाही. तोटीने फक्त काठ नाहीसा केला. ज्या प्रश्नाचे उत्तर हौदावर रोज चारचौघांत द्यावे लागत होते, तो प्रश्न प्रत्येकाच्या बंद मोरीत गेला. कोणत्या वस्तीत नळ आधी पोचला आणि कोणत्या वस्तीत एका सार्वजनिक नळावर पन्नास घरांची रांग राहिली, तिथे तो आजही वाचता येतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि पूर ओसरल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. त्या दिवसांत जुने हौद आणि विहिरी उपसून वापरल्याच्या आठवणी पेठांतली वडीलधारी माणसे सांगतात. "तेव्हा कोणी कोणाला विचारले नाही," असेही सांगतात. हे वाक्य मी तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

२०१९ मध्ये मेट्रोसाठी स्वारगेटला खोदकाम करताना जमिनीखाली जुना विटांचा भुयारी मार्ग लागला. वर्तमानपत्रांत लगेच चर्चा सुरू झाली, पेशवाईतला की इंग्रजीतला. जाणकारांनी आपापली मते दिली. आम्ही काही जणी तिथे गेलो, पण पत्र्याच्या कुंपणाबाहेरूनच बघावे लागले. कुंपणाशी जमलेल्या गर्दीत खजिन्याची, शनिवारवाड्याच्या गुप्त वाटेची आणि घोड्यांची चर्चा चालू होती. पाणी वाहून नेण्यासाठी एवढे मोठे भुयार कोणी बांधले असेल ही कल्पना बहुतेकांना निराशाजनक वाटली. आता त्याच भागात जमिनीखालून माणसे वाहून नेणारी गाडी धावते. मंडईच्या स्थानकावर उतरून सरकत्या जिन्याने वर आले की आपण काळ्या हौदाच्या परिसरातच असतो.

वहीतले पहिले दोन रकाने आता जवळजवळ भरले आहेत. त्यासाठी नकाशे आहेत, गॅझेटियर आहे, जाणकार आहेत. तिसऱ्या रकान्यासाठी यातले काही उपयोगी पडत नाही. हौद कोणी बांधला ते शिलालेखावर असते, तिथून कोणाला हाकलले ते कोणी कोरून ठेवत नाही. ते फक्त घरांत आहे, नव्वदीच्या आसपासच्या बायकांच्या आठवणीत, आणि त्यांनी त्यांच्या सासवांकडून ऐकलेल्या गोष्टींत. म्हणून पुण्यातल्या किंवा दुसऱ्या कुठल्याही जुन्या गावातल्या वाचकांच्या घरी असे कोणी असेल, तर दिवाळीच्या चार दिवसांत, फराळाचे झाल्यावर, त्यांच्याजवळ बसून एवढे विचारावे: तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचे, ते कोण भरून आणायचे, काठावर कोणाला उभे राहता यायचे, आणि ज्यांना येत नव्हते ते पाणी कुठून नेत होते. शेवटचा प्रश्न गाळू नये. आणि ज्यांच्या घरी त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आजीने दिलेले आहे, त्यांनी तर ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, उतरवून ठेवावे.